कच्ची झोप

“मावशी, ही झोप कच्ची आहे,” निद्रा बँकेचा अधिकारी म्हणाला आणि त्याने काचेची बरणी टेबलावरून परत सरकवली. “यानावर पहिल्या प्रतीची, गाढ झोपच चालते. नियम आहे.”

आईने बरणी होती तिथे ढकलली. वीस वर्षं आपल्या रात्रीतला एकेक तास तिने या बँकेत भरला होता. शेजारी लेक बसली होती, कंपनीचा निळा कोट घालून. उद्या मालाचं यान घेऊन ती एकटी निघणार होती. अंतराळाच्या पोकळीत माणसाला स्वतःची झोप लागत नाही. साठवलेली सोबत न्यावी लागते. आज बँकेचा शिक्का मिळाला नाही, तर तिच्या जागी यादीतला पुढचा माणूस चढणार होता. लेकीचा चेहरा पडला होता. आईचा नाही. जन्मभर शिवणकाम केलेली बाई ती. उरलेल्या तुकड्यातून काय निघतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

“आधी चाचणी घ्या, मग नावं ठेवा.”

अधिकाऱ्याने बरणीतला एक थेंब लेकीच्या जिभेवर सोडला. खुर्चीतच तिचा डोळा लागला. तो फॉर्म भरायला वळला आणि त्याच्या हातून पेन खाली पडलं. लेक ताडकन उभी राहिली.

“काय पडलं? कोण रडतंय?”

“बघा! पेनाच्या आवाजाने जागी झाली. याला काय झोप म्हणायचं?”

“तीन लेकरं, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि कडी मोडलेलं दार. एवढ्यांच्या मध्ये काढलेली झोप आहे ही.”

“पण अशा झोपेने आराम मिळतो का?”

“मी उभी आहे ना तुमच्यासमोर? आता मला सांगा साहेब, तुमच्या पहिल्या प्रतीच्या झोपेतला माणूस भोंगा वाजल्यावर किती वेळाने उठतो?”

अधिकारी चुळबुळला. “सात-आठ मिनिटं लागतात.”

“आणि यानाला भोक पडलं, तर आतली हवा किती वेळ पुरते?”

उत्तर लेकीने दिलं. “चार मिनिटं.”

अधिकाऱ्याने खाली पडलेलं पेन उचललं. मग त्याने ‘कच्ची’ या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘सावध’. असा रकाना फॉर्मात नव्हता. तो त्याने पट्टीने आखला.

थेंबाचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता. लेक खुर्चीत बसली, तिची मान पुन्हा कलली आणि झोपेतच तिचा हात टेबलावर हलके हलके पडू लागला, तान्ह्याला थोपटावं तसा. तिने आजवर कुणाच्या लेकराला थोपटलं नव्हतं.

अधिकाऱ्याने शिक्का उचलला होता. तो त्याने आपटला नाही; आवाज होऊ न देता कागदावर अलगद टेकवला.