चष्मा नसलेली साक्षीदार

नोटरी कागद वाचायला लागला तशी हेमलताबाईंची चुळबूळ सुरू झाली. लेकीचं जर्मनीत तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरलं होतं. ती अविवाहित असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र सरकारी शिक्के घेऊन तिकडे जायचं होतं. ओळख पटवायला कुणी हवं म्हणून शेजारच्या कुंदाताईंना आणलं, तेही त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेलाय हे बघून. पण हा माणूस मोठ्याने वाचेल हे कुणाला ठाऊक?

“मनातच वाचा ना,” त्या म्हणाल्या.

“शपथेवरचा कागद आहे बाई, ऐकवावा लागतो. ‘माझी मुलगी आजतागायत अविवाहित आहे.’ बरोबर?”

हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. लेक त्या जर्मन मुलासोबत राहायला गेली तेव्हा ‘तिकडेच लग्न उरकलं’ म्हणत त्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. सगळ्यात मोठा डबा कुंदाताईंना.

“बरोबर,” त्या कशाबशा म्हणाल्या.

कुंदाताईंनी कागद ओढला, डोळे बारीक करून सही केली. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मात्र त्यांनी हेमलताबाईंचा दंड धरला.

“पेढे खाऊन झालेत. आता लग्नाला तरी बोलाव.”