क्लोटिल्डा मॅडमसाठी यादी

“यादीत छाती हा शब्द कुठंही येता कामा नये,” स्टॅन्ली म्हणाला. “ऑफिसचा कागद आहे.”

अठ्ठ्याण्णव सालचा एप्रिल. आखातातल्या सीबच्या बाजारात, औषधांच्या दुकानात, तीन बाप्ये काउंटरपुढे माना खाली घालून उभे होते. रुसैलच्या त्यांच्या कारखान्यात क्लोटिल्डा मॅडम ही एकच बाई. रजेचे अर्ज आणि विमानाची तिकिटं तिच्याच हातात, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा फार जीव. पंचेचाळीस दिवसांचं बाळंतपण उरकून ती उद्या शनिवारी कामावर येणार होती. बाळ अंगावर पिणारं.

याच तिघांनी तिला आधी एक भेट दिली होती. तीनचाकी सायकल. बाळ तेव्हा महिन्याचं होतं. मॅडमनी फोनवर आभार मानले आणि मग म्हणाल्या, “अरे बाबांनो, बाळाला सगळेच देतात. पाजते ती मी. मला कोण देणार?” वसईच्या बाईला बोलायला लाज कसली. लाजले ते हे तिघं, आठवडाभर. आता दुसऱ्यांदा हसं झालं असतं तर मेसमध्ये तोंड दाखवायची सोय नव्हती.

स्टॅन्ली सुपरवायझर, पण ब्रह्मचारी. दापोलीच्या हुसेन ड्रायव्हरचं लग्न नुकतं ठरलेलं. सगळी भिस्त गुहागरच्या शांतारामवर. तो कारखान्यात पंप फिटर आणि घरी तीन मुलांचा बाप, म्हणजे दोन्ही बाजूंनी तज्ज्ञच. कंपनी दोन वर्षांतून एकदा, मे महिन्यात रजा द्यायची, म्हणून तिन्ही मुलं फेब्रुवारीतली. यावर कॅम्पात विनोद व्हायचे आणि शांताराम मिशीला पीळ देऊन हसायचा. ओली बाळंतीण, बाळगुटी, डिंकाचे लाडू, कुठल्याही विषयावर तो तासभर बोलू शके.

काउंटरवरच्या हैदराबादी बाईने दूध काढायचा काचेचा एक पंप पुढे ठेवला. मागे रबरी फुगा. हुसेनला तो रिक्षाचा भोंगा वाटला, त्याने दाबून पाहिला. शांतारामने पंप हातात घेतला, त्याच्या तोंडाला तळवा लावला आणि ओढ तपासली.

“सक्शन बरं आहे,” तो म्हणाला.

“और माँ को क्या होना?” बाईने विचारलं. “पीठ को? बैठने को? पहनने को?”

दोघांनी तज्ज्ञाकडे पाहिलं. तज्ज्ञाला एसीत घाम फुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आता उघडत होती.

“तुमच्या घरी कसं होतं, भाऊ?” हुसेनने विचारलं.

“होतं की. व्यवस्थित.”

“यल्ला, चल, मग वहिनींनाच फोन लाव,” स्टॅन्ली म्हणाला.

दुकानाबाहेर कार्डाचा फोन होता. स्टॅन्ली कागद पेन घेऊन शेजारी उभा राहिला. शांतारामची बायको प्रेमा घाबरतच बोलली. आज फोनचा दिवस नव्हता.

“काही झालं नाही गं,” तो म्हणाला. “एवढंच विचारायचं होतं, पाजणाऱ्या बाईला काय काय लागतं?”

पलीकडे प्रेमाचा आवाज एकदम हलका झाला.

“आज कसं काय सुचलं हो तुम्हाला?” ती म्हणाली. “सांगते. पुढून उघडणारे गाऊन. चेन नको, कातडी चिमटते. बटणं असू देत.”

“गाऊन, बटणांचे!” शांताराम ओरडला. स्टॅन्लीने लिहिलं.

“दोन उशा. एक पाठीला, एक मांडीवर. पाठ मोडून जाते हो.”

“उशा, दोन!”

“आणि पाण्याला थर्मास. पाजायला बसलं की घसा सुकतो, नि तांब्या नेमका चुलीपाशी राहतो. आईंना कितीदा हाक मारू?”

“थर्मास,” शांताराम म्हणाला. आवाज थोडा उतरला होता.

“आत घालायला मऊ सुती घड्याही पाठवा. दूध आपलं आपण वाहतं. सोमवारी रेशनच्या रांगेत सगळा पदर भिजला. माणसं बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

मागे बाळ रडू लागलं. “थांबा हां, हिला दुसऱ्या बाजूला घेते,” प्रेमा म्हणाली.

शांताराम थांबला. धाकटी दोन महिन्यांची आहे हे त्याला ठाऊक होतं. तिचे पेढे त्याने मेसमध्ये वाटले होते. पण ती पिते, आणि कुणाच्या तरी अंगावर पिते, हे तज्ज्ञाच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्याला लाज वाटली. या खेपेला खरी.

“माप विचार ना, माप!” स्टॅन्ली कानाशी ओरडला. “क्लोटिल्डा मॅडमला कुठला साइज लागेल?”

ते गुहागरला स्पष्ट ऐकू गेलं.

“मॅडम कोण?” प्रेमाने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. शांतारामने तोंड उघडलंही. पण जीभ वळेना.

“ऑफिसातल्या,” तो म्हणाला. “उद्या कामावर येतात. त्यांना सगळ्यांकडून भेट द्यायची आहे.”

बाळाचं रडणं थांबलं होतं. आता नुसतं चुटूचुटू पिणं ऐकू येत होतं.

“यादी कोण लिहितंय?”

“स्टॅन्ली.”

“त्यांना सांगा,” प्रेमा म्हणाली, “पहिल्यापासून परत लिहा. खाली कार्बन कागद घाला.”