ओले हात

"हात आधी ओले कर, मग उचल. कोरडा हात त्याला भाजतो."

सासूबाईंचा आवाज इतका स्वच्छ आठवला, की तिने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ती घरात नवी होती तेव्हा स्वयंपाकघरात बेडूक शिरला होता आणि ती झाडू घेऊन धावली होती. तेव्हाचं ते वाक्य.

आजचा बेडूक न्हाणीघरात, बादलीमागे बसला होता. बसला कसला, पडलाच होता. कातडी सुकलेली, पाठीची हाडं वर आलेली, एका डोळ्यावर पांढरा पडदा. तिने नळाखाली हात धरले आणि त्याला ओंजळीत घेतलं. सुटायची धडपडसुद्धा त्याने केली नाही.

शिवणाच्या चिंध्यांचं खोकं रिकामं करून तिने तळाशी ओलं फडकं अंथरलं, कोपऱ्यात बशीभर पाणी ठेवलं. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"मापं घेतलीस का त्याची?"

"चेष्टा पुरे तुमची. जीव आहे तो."

"मग बागेत सोड जीवाला."

"एक डोळा गेलाय त्याचा. समोरचा किडासुद्धा धरता येत नसेल. बाहेर ठेवला की कावळा टिपेल."

"बरं बाई. पण उद्या सुतार येतोय. आईची खोली आज मोकळी कर, नाहीतर तो परत महिनाभर तोंड दाखवायचा नाही."

लग्न झाल्यापासून ती बोळात मशीन मांडून लोकांचे कपडे शिवत आली होती. जाणारायेणारा धडकायचा, नवं कापड पायाखाली यायचं. आईंच्या खोलीत कापणीचं मोठं टेबल आरामात मावणार होतं. तरी त्या खोलीचं दार उघडायला तिचा हात होत नव्हता. एकदा टेबल बसलं की आईंची खाट पुन्हा लागणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

आईंना वृद्धाश्रमात ठेवून महिना होत आला होता. दुसरा इलाजच उरला नव्हता. सासरे गेले आणि वर्षाच्या आत सासूबाईंचं डोकं फिरलं. रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या खुर्चीखाली ताटलीत पाणी ठेवायच्या, समोर जमिनीवर बसायच्या आणि खालच्या आवाजात बोलत राहायच्या. "आलास? आज उशीर केलास. बस, घाई नाही." पाणी फरशीवर सांडायचं. एकदा नवरा घसरून पडला. ताटलीचं पांढरं वर्तुळ फरशीवर उठलं, ते कशाने घासून निघेना. त्यात खिडकी सताड उघडी, दिवा चालू आणि घरभर किडे.

"जन्मभर बाबांना अहो म्हणाली," नवरा हताश होऊन म्हणाला होता, "आता अरेतुरे करायला लागली. अजून काय बघायचं राहिलंय?"

डॉक्टरांनीही सगळं ऐकून मान हलवली होती.

आश्रमाच्या फाटकाशी आईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"मी नसले तरी संध्याकाळचं पाणी ठेवत जा हं. तो वाट बघतो."

"ठेवते, आई."

"आणि मला न्यायला येशील ना?"

"येणार ना. लवकरच."

भ्रम झालेल्या माणसाची समजूत काढावी, तसं ती म्हणाली होती. घरी आल्यावर तिने ताटली घासून फडताळात ठेवली आणि खोलीची खिडकी लावून घेतली.

दिवसभर बेडकाने काही खाल्लं नाही. तिने मुंग्या ठेवून पाहिल्या, कुंडीतलं गांडूळ काढून आणलं. "खा रे बाळा," म्हणून झालं. तो आपला डोळे मिटून पडलेला. पोट तेवढं बारीक हलत होतं.

दुपारी आश्रमातल्या बाईंचा फोन आला. "आजी ताट तसंच परत पाठवतात हो. एकदा येऊन जा कुणीतरी."

"होईल सवय तिला," नवरा म्हणाला आणि टेबलाचं माप पुन्हा एकदा बघायला लागला.

दिवस कलला तशी ती नाइलाजाने खोलीत गेली. घरात मांजर फिरतं म्हणून बेडकाचं खोकंही बरोबर नेलं. आईंचे कपडे गाठोड्यात बांधले. चष्म्याचं घर, जपाची माळ, सासऱ्यांचा फोटो पिशवीत ठेवला. खाट भिंतीला उभी केली. खुर्ची तेवढी राहिली. दिसेनासं झालं तसा तिने दिवा लावला. कोंदट वाटत होतं म्हणून खिडकीही उघडली.

खोक्यात खुडबुड झाली.

बेडूक काठावर चढला आणि धपकन खाली पडला. ती पुढे झाली, पण तो थांबला नाही. दिवसभर जागचा न हललेला तो जीव दम खात, फरफटत, वाट पाठ असल्यासारखा फरशी ओलांडून सासऱ्यांच्या खुर्चीखाली गेला. त्या पांढऱ्या वर्तुळाच्या मधोमध जाऊन बसला. आई जिथे बसायच्या त्या बाजूला त्याने तोंड वळवलं, धड डोळा वर केला आणि जबडा उघडला. उघडाच ठेवला.

दिव्यावर आलेला एक किडा तिने चिमटीत धरून पुढे केला. बेडकाने तो तिच्या बोटांतून अलगद घेतला, रोजचं असावं तसा.

"सुताराला सकाळी लवकरच बोलावू ना?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

तिने फडताळातून ताटली काढली, पाण्याने भरून वर्तुळावर टेकवली. खाट पुन्हा होती तिथे लावली. मग ओले हात न पुसताच चपला पायात सरकवल्या आणि आईंना आणायला निघाली.