कॉपीची खोड

"कॉपी करून पास झालेली माणसं पुढे नोकरीतही कॉपीच करतात," अनिरुद्ध म्हणाला आणि दीपालीकडे न बघता हसला.

वारज्याच्या त्या छोट्या कंपनीत पुठ्ठा कापायचं मशीन उभं होतं. पात्याखाली हात किंवा काहीही परकं आलं, की कॅमेरा नेटवर्कवरून ‘थांब’ असा संदेश धाडायचा. तो आधी कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्याच्या, हाती पडे. दीपालीने लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे संदेश पोचवणारा छोटा प्रोग्राम, त्या संदेशाची कॉपी काढून मगच ती वरच्या प्रोग्रामला देई. अनिरुद्धला ही शुद्ध वेळखाऊ कारकुनी वाटे. त्याने नवा ड्रायव्हर लिहिला होता. कॉपीबिपी काही नाही, प्रोग्रामने थेट कर्नलच्याच जागेत वाचायचं. सुरू होताना पडद्यावर स्वतःचं नाव ठळक झळकेल, अशी सोयही त्याने न विसरता केली होती.

"सर, वाचता वाचता त्याच जागेवर पुढचा संदेश आला तर?" दीपालीने विचारलं होतं. "‘थांब’ अर्धवटच वाचला जाईल. पातं थांबणार नाही."

"तुम्ही पेपर वाचत असताना त्याच्यावर उद्याचा पेपर छापतात का हो?"

सोमवारी त्याने नवा ड्रायव्हर मशीनवर चढवला.

"सर, एकदा रीस्टार्ट करून घेऊ या?"

"घरी भाजी बदलली की तुम्ही शेगडीही बदलता वाटतं?"

वेग वाढला का, हे मोजायच्या भानगडीतही अनिरुद्ध पडला नाही. मोजायचं ते शंकेखोरांनी. मशीन रात्रंदिवस झकास चालत होतं.

आज गुरुवारी चाकणचे रतनशेठ मशीन बघायला आले होते. शेठनी होकार दिला की दीपालीला नारळ, हे अनिरुद्धने मालकांकडून आधीच वदवून घेतलं होतं.

त्याने चालत्या पात्याखाली काकडी सरकवली. पातं जागच्या जागी थांबलं. शेठनी जांभई दिली. असल्या अडाण्यांना काकडी पुरत नाही, हे अनिरुद्धला ठाऊक होतं. त्याने घड्याळ काढलं, बाही वर सारली आणि स्वतःचा हात आत घातला.

पातं थांबलं. शेठनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत? कॉपी न काढता!" मग तो दीपालीकडे वळला. "तुमचा डबा न्यायला विसरू नका. त्याचीही कॉपी आमच्याकडे नाही."

तिचे डोळे भरून आले. त्याला मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात लाइट गेले. गुरुवारच तो, जायचेच. चहा होईस्तोवर आले आणि मशीन आपलं आपण सुरू झालं.

"साहेब, अजून एकदा दाखवा," शेठ मोबाइल काढत म्हणाले. "पार्टनरला व्हिडिओ पाठवतो."

"शंभरदा घ्या की!"

अनिरुद्ध मोबाइलकडे बघून हसला. हात त्याने सावकाश, ऐटीत पुढे केला.

दीपाली डबा घेऊन दाराशी पोचली होती. जाता जाता तिची नजर पडद्यावर गेली. तिथे अनिरुद्धचं नाव ठळक अक्षरांत झळकत होतं. सोमवारपासून आज पहिल्यांदाच.

"सर, हात काढा!" ती किंचाळली. "लाइट जाईपर्यंत माझाच ड्रायव्हर चालत होता!"