चालक एकटा असेल तर

“आणि चालक एकटाच असेल तर?” नोरीनने फोनवर विचारलं.

माल्कमने चहाचा मग टेबलावर जरा जोरातच ठेवला. फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडच्या, विमा कंपनीतल्या मुलीलाही ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, “चालक एकटा कशाला असेल? शेजारी बायको बसलेली असते त्याच्या.”

नोरीनने हातानेच त्याला गप्प केलं.

“मॅडम,” मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली, “चालक आजारी पडला तर आम्ही दुसरा चालक पाठवतो. तो गाडी आणि कॅरॅव्हॅन घरापर्यंत आणून देतो.”

“ते कळलं. चालक धडधाकट आहे, पण सोबत कुणी नाही. वाटेत टायर फुटला. तुमचा माणूस नुसता टायर बदलणार, की कॅरॅव्हॅन पुन्हा गाडीला जोडूनही देणार?”

“विचारून सांगते.” फोनमध्ये संगीत सुरू झालं.

ही पाचवी कंपनी होती. दहा दिवस झाले होते.

एकोणीस उन्हाळे ती दोघं इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डहून गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत फ्रान्सला, बर्जराकजवळच्या एकाच कॅरॅव्हॅन-तळावर, नदीकाठच्या बेचाळीस नंबरच्या जागेवर जात होती. परदेशात गाडी बंद पडली तर मदतीला येणारा विमा काढायचं काम माल्कमचं. त्याला वीस मिनिटं लागत. बोटीचं तिकीट काढायचं काम नोरीनचं. यंदा तिने दोन्ही कामं स्वतःकडे घेतली.

कारण उघड होतं. फेब्रुवारीत माल्कमच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी गाडी चालवायला, कॅरॅव्हॅन ओढायला, सगळ्याला परवानगी दिली. पण नोरीनने एकच ध्यास घेतला होता. माल्कम सुखरूप घरी परतला पाहिजे.

पहिली कंपनी दहा वर्षांहून जुन्या गाडीला हात लावायला तयार नव्हती. दुसरीची मर्यादा सात मीटर. नोरीनने टेप लावून कॅरॅव्हॅन मोजली, जोडदांड्यासकट वीस सेंटिमीटर जास्त भरली. तिसरीने चौकशीला उत्तरच दिलं नाही. चौथी माणसांना घरी आणणार होती, पण कुत्र्याला नाही.

“पिकलला मी मांडीवर घेईन,” माल्कम तेव्हा म्हणाला होता.

“अठ्ठावीस किलोचा लॅब्रॅडॉर?”

“मग तू घे.”

नोरीनने चौथ्या नावावर काट मारली होती.

संगीत चालूच होतं. “तू सगळं उलटं विचारतेस,” माल्कम म्हणाला. “स्टेंट मला बसलाय. चालकाला काही झालं तर काय, असं विचार. शेजारी बसणारीला काय धाड भरणार आहे?”

“सगळ्या शक्यता पाहाव्यात.”

“तुला काही झालंच तर मी घालीन गाडीत आणि आणीन घरी.”

“माहीत आहे,” नोरीन म्हणाली. “एकोणीस वर्षं आणतोच आहेस.”

विम्याचं एक वेळ ठीक होतं. पण कॅरॅव्हॅनमध्येही तिने उच्छाद मांडला होता. जिथे तिथे छापील चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आधी हा नळ, मग तो. निघण्यापूर्वी गॅस बंद. गोळ्या सकाळी दोन, रात्री एक.

“मला बावळट समजतेस का?” असं विचारल्यावर ती म्हणाली होती, “नाही. विसरभोळा.”

त्यावर कडी म्हणजे कॅमेरा. कॅरॅव्हॅन जागेवर मागे घेताना नोरीन मागे उभी राहून हात करी, माल्कम नेमका उलटा वळे, आणि सगळा तळ खुर्च्या वळवून बघत बसे. यंदा तिने कॅरॅव्हॅनच्या पाठीला कॅमेरा बसवून घेतला.

“तू असताना कॅमेरा कशाला?”

“माझे गुडघे दुखतात.”

दर बुधवारी टेकडी चढून फ्रेंचच्या वर्गाला जाताना मात्र हेच गुडघे बरे असत. दोन वर्षं फ्रेंच शिकायचं, ते पाव विकत घेण्यासाठी. गेल्या उन्हाळ्यात तर ती तळाच्या मालकिणीशी, ओदीलशी, तासन्‌तास बोलत बसली आणि माल्कमला दोनदा स्वतःची अंडी स्वतः उकडावी लागली.

संगीत थांबलं.

“मॅडम? जोडून देतात. चालक एकटा असेल तर बंदरापर्यंत सोबतही करतात. कुत्रा असला तरी चालतं.”

नोरीनने डोळे मिटले. “हाच,” ती म्हणाली. “हाच विमा हवा होता मला.”

तिने फोन ठेवला तेव्हा तिच्या पापण्या ओल्या होत्या. माल्कम ओशाळला. ही बाई आपल्या काळजीने इतकी पोखरली आहे, हे कळायला त्याला पाच कंपन्या लागल्या होत्या.

“अगं, काही होत नाही मला,” तो म्हणाला.

“नाहीच होणार. ठणठणीत आहेस तू.” तिने कोट चढवला, पिकलचा पट्टा घेतला. “त्यांच्या फॉर्मवर बोटीचा आरक्षण क्रमांक लागेल. तिकीट फ्रिजवर लावलंय. तेवढं तू भर. चष्मा लावून नीट वाच.”

जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग दार लागलं.

आता वाचायचं काय राहिलंय, असं पुटपुटत माल्कमने चष्मा शोधला आणि फ्रिजवरचा कागद काढला. जाताना, सात जून, पोर्ट्समथ ते सेंट मालो. गाडी एक, कॅरॅव्हॅन एक, कुत्रा एक, प्रवासी दोन. क्रमांक खाली असेल म्हणून त्याने कागदावरून बोट पुढे सरकवलं.

येताना, अठ्ठावीस जून. गाडी एक, कॅरॅव्हॅन एक, कुत्रा एक, प्रवासी एक.