नार्सिसचं तळं

"हे राहू द्या, पुढचं सांगा," कॉलिन म्हणाला आणि त्याने नकाशावरचं बोट पुढे सरकवलं.

मोनिकने ते बोट धरून परत त्याच तळ्यावर ठेवलं. "का राहू द्यायचं? नार्सिसचं तळं. लिही."

गावच्या सभागृहात नकाशावर नावं घालायचा हा चौथा दिवस. कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तरेचा नवा नकाशा कॉलिनचं सरकारी मोजणीखातं काढत होतं आणि त्यावर या खेपेला तिथल्या मूळच्या डेने लोकांची स्वतःची नावं यायची होती. मोनिकने आतापर्यंत एकसष्ट तळी नि टेकड्या सांगितल्या होत्या. एवढं तोंडपाठ असलेलं दुसरं कुणी गावात उरलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा नार्सिस याच मोजणीवाल्यांबरोबर गेला. त्यांची अवजारं पाठीवर घेऊन डोंगरमाथे चढायचा. एका सकाळी त्या तळ्यावर त्याची होडी उलटी तरंगताना दिसली. प्रेत नाही, बंदूक नाही, काहीच हाती लागलं नाही. बातमी घेऊन तरुण कॉलिनच आला होता. मोनिक तेव्हा सव्वीस वर्षांची, कडेवर मुलगी. पुढे गावातल्या दोन जणांनी तिला मागणी घातली. दोघांनाही तिने दारातूनच वाटेला लावलं.

"पलीकडच्या तळ्याला तुमच्या साहेबाच्या कुत्र्याचं नाव आहे," ती म्हणाली. "कुत्र्याचं! आणि तुमची ओझी वाहता वाहता मेला, त्याचं नको?"

"माझ्या हातात नाही, मोनिकबाई."

"मग पेन कुणाच्या हातात आहे?"

कॉलिनने पेन खाली ठेवलं. "दुसरं कुठलंही नाव सांगा. आत्ता लिहितो."

"त्याला एकट्याला त्या पाण्यावर कुणी पाठवलं? तूच ना?" मोनिक उठली. तिने नकाशा दोन्ही हातांनी खेचला. एक कोपरा टरकन फाटला. "माझी एकसष्ट नावं खोड आधी. एकही ठेवू नकोस!"

"बाई, नियम आडवा येतो."

"कसला नियम? बावीस वर्षं दर उन्हाळ्यात त्या पाण्यात त्याच्या नावाने तंबाखू सोडून रडून येते मी! तोंड उघड, काय नियम आहे तुझा?"

कॉलिनने फाटलेला कोपरा उचलून नकाशाला जुळवून ठेवला.

"जिवंत माणसाचं नाव तळ्याला देता येत नाही."