मिटवलेला तीळ

तेव्हा मी फोटो स्टुडिओत चेहरे साफ करायचे. मालक म्हणत, "ताईंच्या ब्रशखालून रेडासुद्धा नवरदेव होऊन निघतो."

समोरचं दुकान लुटून पळणारा चोर मी पाहिला होता. त्याचा गाल नितळ होता. पोलिसांनी उभ्या केलेल्या रांगेत एक चेहरा ओळखीचा वाटला. मी बोट दाखवलं.

कोर्टात त्याची आई ओरडली, "माझ्या लेकाच्या गालावर जन्माचा तीळ आहे, बघा तरी!" सगळ्यांनी पिंजऱ्यातल्या त्याच्या गालाकडे पाहिलं. तीळ नव्हता. चौदा वर्षांची शिक्षा झाली.

पुढे स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये त्याचा नोकरीच्या अर्जाचा फोटो सापडला. चोरीच्या आठवडाभर आधी मीच त्यावरचा तीळ मिटवला होता; त्याच्या गालावरचाही तेव्हाच गेला असणार.

फोटो घेऊन मी त्या माउलीकडे गेले. "बाई, तेवढा तीळ परत दे गं," एवढंच ती म्हणाली.

मी ब्रश टेकवणार, तोच फोटोतल्या त्यानं गाल फिरवला.